संशय जातीवरून, तपास पोलिसांकडेच

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कोठडीत मृत्यू झाला की बातमीचा साचा ठरलेला असतो : आरोपीच्या छातीत दुखू लागले, रुग्णालयात नेले, डॉक्टरांनी मृत घोषित केले. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला. त्या शहराच्या पोलिसांनी काढलेल्या पहिल्या पत्रकातही वैद्यकीय कारणानेच मृत्यू झाल्याचे म्हटले होते. रस्त्यावर उभ्या असलेल्या एका मुलीने मोबाइलवर केलेले चित्रीकरण बाहेर आले, म्हणून ते पत्रक टिकले नाही आणि वर्षाच्या आत तो पोलीस खुनाच्या आरोपात दोषी ठरला. आपल्याकडे मार बहुतेक वेळा ठाण्याच्या आतल्या खोलीत बसतो. तिथे मोबाइल घेऊन कोणी उभे नसते. त्यामुळे त्या पहिल्या तासांत कागदावर काय येते, ते कोण लिहिते आणि त्या कागदाचे पुढे काय होते, यावरच न्याय मिळणार की नाही हे ठरते. या कामाशी संबंधित वकील आणि कार्यकर्ते म्हणून नेमके त्यावरच लिहीत आहोत.

आधी हे स्पष्ट म्हणायला हवे की मार कोणाला बसणार हे आपल्या राज्यात बऱ्याचदा जन्माने ठरते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पारधी, कैकाडी, बेरड, रामोशी, कंजारभाट अशा समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला गेला, पण सात वर्षांत सराईत गुन्हेगारांसाठीचा मुंबई कायदा आला. माणसे तीच राहिली आणि त्यांच्याकडे बघणारी नजरही तीच राहिली. आजही हद्दीत घरफोडी झाली की डिटेक्शनच्या (गुन्हे उकलणाऱ्या) पथकाचे पाय आधी पुलाखालच्या पारध्यांच्या पालांकडे वळतात. गजरे आणि लिंबू-मिरच्या विकणाऱ्या बायकांना भीक प्रतिबंधक कायद्याखाली चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात नेले जाते. रात्री रस्त्यावर दिसलेल्या पोराला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२२ खाली उचलले जाते. मग चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याची कारवाई, होते, पुढे तडीपारीची नोटीस येते. यातल्या एकाही पायरीवर गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, पण नोंदी मात्र साचत जातात. पुढच्या वेळी त्याला उचलताना त्याच नोंदी पुरावा म्हणून दाखवल्या जातात.

सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले आहे. ७ मे २०२४ च्या अमानतुल्ला खान निकालात न्यायालयाने स्वतःहून राज्यांना सांगितले की हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे पोलिसांनी नजर ठेवण्यासाठी केलेल्या नोंदीत, मागास आणि वंचित समाजांतल्या माणसांची नावे केवळ पूर्वग्रहातून येत नाहीत ना, हे वरिष्ठ अधिकाऱ्याने ठरावीक काळाने तपासावे. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, मुंबईतल्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगांतले जातिभेदाचे नियम रद्द झाले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असेही न्यायालयाने पोलिसांना बजावले. या तपासणीत किती नावे पाहिली आणि किती वगळली, हे मुंबईतल्या प्रत्येक पोलीस परिमंडळाने (उपायुक्तांच्या हद्दीने) दरवर्षी जाहीर करावे. नावे जाहीर करू नयेत, आकडे पुरेत.

आता अटकेकडे. घटनेच्या कलम २२ प्रमाणे अटक केलेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. खाचखळगा असा की हे चोवीस तास अटकेच्या नोंदीपासून धरले जातात. माणसाला सोमवारी रात्री 'चौकशीसाठी' आणायचे आणि अटक बुधवारी दुपारी दाखवायची, असे केले की मधल्या वेळाचा कुठेच हिशेब लागत नाही. मारहाणही त्याच वेळात होते. म्हणून घरच्या माणसाने सगळ्यात आधी वेळेची नोंद करून ठेवावी. ११२ वर फोन करून नाव, ठाणे, किती वाजता आणि कोणी नेले हे सांगावे. त्या फोनची वेळ यंत्रणेत राहते. मग तोच मजकूर चार ओळींत पोलीस आयुक्त, परिमंडळाचे उपायुक्त आणि राज्य मानवी हक्क आयोगाला ई-मेल करावा. पूर्वी वकील याच कामासाठी तार करत. २०१३ साली तारसेवा बंद झाली, पण गरज तीच आहे. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर मोफत वकील मागता येतो, आणि तोही अटकेनंतर लगेच.

अटक दाखवताना काय व्हायला हवे हे सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने १९९६ सालीच ठरवून दिले आणि आता ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. अटकेचा कागद जागेवर करायचा, त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या एका माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची, वेळ लिहायची, आणि आरोपीनेही सही करायची. यात सगळ्यात जास्त गडबड साक्षीदाराच्या रकान्यात होते. तिथे ठाण्याच्या नेहमीच्या पंचाचे नाव असते आणि नातेवाइकाला 'फोनवर कळवले' एवढीच नोंद असते. नातेवाइकाने सही करताना आपल्या हाताने वेळ टाकावी, आणि अंगावर जखम दिसत असेल तर तेही त्याच कागदावर लिहावे. पोलीस नाही म्हणाले तर तसा ई-मेल लगेच करावा. अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल त्या भाषेत, रिमांडच्या (कोठडी मागण्यासाठी दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या) किमान दोन तास आधी द्यायलाच हवीत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले. तो निकाल वरळीतल्या एका मोटार अपघाताच्या खटल्यातून आला. मोठे वकील उभे करू शकणाऱ्या आरोपीमुळे मिळालेला हा हक्क फुटपाथवरच्या आरोपीपर्यंत पोहोचवणे आता दंडाधिकाऱ्यांच्या हातात आहे.

वैद्यकीय तपासणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक प्रकरणे इथेच फसतात. संहितेच्या कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरने तपासायचे, प्रत्येक जखम आणि ती साधारण किती वेळापूर्वीची हे लिहायचे, आणि त्याची प्रत आरोपीला किंवा तो सांगेल त्याला द्यायची. प्रत्यक्षात गर्दीच्या अपघात विभागात हवालदार खांद्याला खांदा लावून उभा असतो, डॉक्टर 'काही त्रास?' एवढे विचारतात, आरोपी मान हलवतो आणि कागदावर 'जखम नाही' असे उमटते. मुका मार पहिल्या काही तासांत दिसतच नाही. लाठीचा वळ दोन समांतर रेघांसारखा उठतो, मधली पट्टी फिकी राहते. तो कपड्यांखाली असतो, म्हणून कपडे काढून पाठ, कुल्ले, मांड्या आणि तळपाय पाहिल्याशिवाय तपासणी झाली असे म्हणता येत नाही. तळपायांवर मारले तर सूज दोन दिवसांत उतरते, पण माणूस टाचेवर पाय टेकवू शकत नाही. त्याला चालायला सांगून पाहणे हीसुद्धा तपासणीच आहे. खोलवरचा मार कातडीवर दिसायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. बसू निकालात दर ४८ तासांनी तपासणी सांगितली आहे ती याचसाठी महत्त्वाची ठरते, आणि टाळली जाते तीही नेमकी हीच दुसरी तपासणी.

यातला जिवावर बेतणारा भाग डॉक्टरांनाही पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. मांड्या-पाठीच्या मोठ्या स्नायूंवर तासन् तास मार बसला की स्नायू फुटतात आणि त्यातले द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन साचते. लघवी काळ्या चहासारखी होते, मग कमी होते, आणि दोन-चार दिवसांनी मूत्रपिंड निकामी होऊन किंवा हृदय बंद पडून माणूस जातो. तोवर तो पोलीस कोठडीतून तुरुंगात गेलेला असतो. मग कागदावर 'न्यायालयीन कोठडीत आजारपणाने मृत्यू' असे येते आणि मारणारे ठाणे चित्रातून बाहेर पडते. लघवीच्या रंगाची तक्रार आली तर सीपीके आणि क्रिएटिनिन या दोन साध्या रक्ततपासण्या त्याच दिवशी करायच्या, भरपूर सलाइन सुरू करायचे. वेळेत केले तर जीव वाचतो. तुरुंगात नवा कैदी आला की दाखलपूर्व तपासणीत हा प्रश्न विचारणे सक्तीचे करावे. याला पैसा लागत नाही.

पुढची पायरी रिमांडची. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या महिला कैद्यांबद्दल लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सांगितले की दंडाधिकाऱ्याने प्रत्येक आरोपीला मारहाणीची तक्रार आहे का हे विचारावे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हेही सांगावे. आज मुंबईच्या न्यायालयांत 'पोलिसांविरुद्ध तक्रार नाही' हे वाक्य रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) जवळजवळ आपोआप पडते. ज्याने मारले तोच अधिकारी शेजारी उभा असताना आणि आपण परत त्याच कोठडीत जाणार हे माहीत असताना कोण तक्रार करील? प्रश्न विचारण्यापूर्वी पोलिसांना दालनाबाहेर काढावे, एवढा बदल उच्च न्यायालयाने एका परिपत्रकाने करावा. नव्या संहितेच्या कलम १८७ मुळे हे जास्तच निकडीचे झाले आहे. पूर्वी पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच घ्यावी लागे. आता ती तुकड्यातुकड्यांनी पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत घेता येते. म्हणजे तुरुंगात गेलेल्या आणि तिथे तोंड उघडलेल्या माणसाला पुन्हा ठाण्यात आणता येते.

कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा परमवीर सिंग सैनी निकाल अगदी काटेकोर आहे. फाटक, स्वागतकक्ष, कोठडी, मार्गिका, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, स्वच्छतागृहाबाहेरची जागा, ठाण्याची मागची बाजू, कुठलाही भाग सुटता कामा नये. आवाजासह चित्रीकरण हवे, रात्रीही दिसायला हवे, आणि शक्य तर १८ महिने, किमान एक वर्ष ते जपायला हवे. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखाची आहे. तरीही नेमका त्या रात्रीचा कॅमेरा बंद असतो, किंवा डिटेक्शनची खोली कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर असते. चित्रीकरण मागणाऱ्यांनी नुसते 'फुटेज द्या' असे लिहू नये. तारीख, अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत, आणि कुठला भाग, हे लिहून ते जपून ठेवावे अशी मागणी ठाणे प्रमुख, उपायुक्त आणि दंडाधिकारी या तिघांकडे एकाच दिवशी करावी, पोच घ्यावी. जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर माहिती अधिकारात ४८ तासांत उत्तर द्यावे लागते. अर्जाच्या पहिल्याच ओळीत तसे नमूद करावे. आमची मागणी अशी की कॅमेरा बंद असेल तर तो कधीपासून बंद आहे आणि दुरुस्तीसाठी कोणाला कळवले याची नोंद स्टेशन डायरीत असावी. ती नसेल तर ठाणे प्रमुखावर खातेनिहाय कारवाई व्हावी.

मृत्यू झाला तर पोलीस पहिल्यांदा 'एडीआर' म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद करतात. कुटुंबाला वाटते गुन्हा दाखल झाला. तो झालेला नसतो. शवविच्छेदनाचे चित्रीकरण, त्यापूर्वी पूर्ण शरीराचा एक्स-रे, आणि पाठ, मांड्या व तळपायांचे स्नायू उघडून पाहणे, या तिन्ही गोष्टी कुटुंबाने लेखी मागाव्यात. अंगावर वरून काही दिसत नसताना आत रक्त साकळलेले असू शकते. संहितेच्या कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याची स्वतंत्र चौकशी सक्तीची आहे, आणि ती पोलीस तपासाव्यतिरिक्त वेगळी होते. पण चौकशीचा अहवाल आल्यावर पुढे काय करायचे याबाबत कायदा गप्प आहे. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये वडार समाजातला कायद्याचा विद्यार्थी कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण लिहिले होते, दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, तरी गुन्हा दाखल व्हायला ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने आदेश द्यावा लागला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. एका आईला साध्या एफआयआरसाठी एवढे झगडावे लागले. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे २०१३ च्या ललिताकुमारी निकालापासून ठरलेले असताना.

मुंबईचा आपला अनुभव वेगळा नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण गेले. सत्र न्यायालयातून शिक्षा व्हायला २००९ उजाडले. १९९२-९३ च्या दंगलींत पोलिसांनी मुसलमानांशी पक्षपात केल्याचे न्या. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली लिहिले. त्यातल्या पोलीस सुधारणांच्या शिफारशी अमलात आणा असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या संशयावरून पकडलेले ख्वाजा युनूस २००३ साली कोठडीतून 'पळाले' असे सांगण्यात आले होते, पण ते कोठडीतच मारले गेल्याचा आरोप झाला. सीआयडीने चौदा पोलिसांवर खटल्याची परवानगी मागितली, सरकारने चौघांपुरती दिली. परवानगीचे हे कुलूप सरकारच्या हातात असेपर्यंत खालचा शिपाई अडकतो आणि आदेश देणारा सुटतो.

तक्रार कुठे करायची, याचेही कुटुंबांना नीट कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रकाश सिंग निकालाने २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले, त्याच्या शिफारशी बंधनकारक असतील असेही म्हटले. महाराष्ट्राने २०१४ साली कायदा बदलला, पण जिल्ह्याऐवजी विभागीय प्राधिकरण ठेवले आणि शेवटचा शब्द सरकारकडे राखला. तरीही मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार आणि बेकायदा अटक या तक्रारी तिथे जरूर कराव्यात. त्या नोंदी उद्या न्यायालयात उपयोगी पडतात. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावे लागते. आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम १६१ फार थोड्यांना माहीत असते : कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर दावा किंवा खटला सहा महिन्यांनंतर चालत नाही, सरकारी परवानगी मिळाली तर खटल्यापुरती ही मुदत दोन वर्षे होते. चौकशीच्या अहवालाची वाट बघत बसलेल्या कुटुंबांची ही मुदत टळून जाते. हे कलम कोठडीतल्या मारहाणीला लागू होऊ नये, अशी दुरुस्ती विधिमंडळाने करावी.

अजून एक भोक कायद्यातच आहे. ॲट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती-जमातींना लागू होतो. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, पण वडार, बेरड, रामोशी, कंजारभाट हे महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहेत. कैकाडी तर विदर्भात अनुसूचित जातीत आणि मुंबईत विमुक्त जातीत. शिक्का एकाच कायद्याने मारला आणि संरक्षण मात्र जिल्हा बघून मिळते. त्यातच राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात कोठडीतल्या मृत्यूंची कारणे असतात, मृताची जात-जमात नसते. मोजलेच नाही तर भेदभाव नाही असे म्हणणे सोपे जाते. गृहखात्याने राज्यापुरती ही नोंद सुरू करावी : कोठडीतला प्रत्येक मृत्यू आणि प्रत्येक गंभीर दुखापत, माणसाचा समाज, ठाणे, कोठडीतला दिवस आणि एफआयआरची तारीख.

केंद्राकडेही दोन कामे पडून आहेत. कोठडीत जखम झाली तर ती पोलिसांनीच केली असे गृहीत धरावे आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकावी, ही सूचना विधी आयोगाने १९८५ साली केली आणि २०१७ साली पुन्हा केली. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण त्याला मान्यता देणारा कायदा अजून केला नाही. २०१० साली लोकसभेत मंजूर झालेले विधेयक बारगळले.

पण राज्याला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत मारहाण आढळली की सात दिवसांत एफआयआर नोंदवावा, तपास त्या परिमंडळाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे द्यावा, नावे आलेल्या पोलिसांची त्याच दिवशी त्या ठाण्यातून बदली करावी आणि अहवालाची प्रत कुटुंबाला पंधरा दिवसांत, मागायला न लावता द्यावी. गृहमंत्र्यांच्या सहीचा एक शासन निर्णय यासाठी पुरेसा आहे. येत्या अधिवेशनापूर्वी तो निघावा, आणि मुंबईतल्या आमदारांनी, पक्ष कुठलाही असो, तो का निघाला नाही हे सभागृहात विचारावे.

आपले,
कोठडीतील हिंसाचाराच्या प्रकरणांत काम करणारे काही वकील आणि कार्यकर्ते, मुंबई